बाहेरच्या दुखापतीनंतर कामावर परतताना: ‘फिट’ चिठ्ठीच्या आधी काय, नंतर काय

गेटवरून परत पाठवलेल्या कामगाराच्या हातात बहुतेक वेळा एकच कागद असतो. त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात ‘फिट फॉर लाइट वर्क’ एवढंच असतं. डॉक्टरांना वाटतं, लिहून दिलं. कामगाराला वाटतं, कागद मिळाला. हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसला मात्र त्यातून काहीच कळत नाही. लाइट म्हणजे पाच किलो की पंधरा? बसून की उभ्याने? किती दिवस? उत्तरं नसली की एचआर आपल्या सोयीचं उत्तर देतं, “पूर्ण बरे झालात की या.” मग महिनाभर पगारही नाही आणि विम्याचे पैसेही नाहीत.

सुट्टीच्या दिवशी गाडीवरून पडलात, घरात पाय घसरला, गावी शेतात हात मोडला, मैदानावर खांदा निखळला, अशा कामाबाहेरच्या दुखापतींसाठी हा लेख आहे. उदाहरणं चाकण, भोसरी, सातपूर, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींतली आहेत, पण गोदाम, दुकान किंवा इस्पितळात काम करणाऱ्यांनाही क्रम तोच लागू पडतो: आधी तुमच्या कामाचा कागद, मग डॉक्टर, मग कंपनी आणि शेवटी हजेरी. बहुतेक जण हजेरीपासून सुरुवात करतात.

१. दुखापत खरंच ‘बाहेरची’ आहे का, ते आधी ठरवा

कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना अपघात झाला असेल, तर ‘ड्यूटीबाहेर झालं’ असं परस्पर लिहून देऊ नका. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) योजनेत घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही कामातली दुखापत मानला जाऊ शकतो. त्यासाठी अपघाताची वेळ, जागा आणि कारण यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. फरक मोठा आहे. कामातल्या दुखापतीला सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के दराने भरपाई मिळते आणि त्यासाठी किमान वर्गणीची (पगारातून कापून विम्यात भरलेल्या पैशांची) अट नसते. बाहेरच्या दुखापतीला आजारपणाचा लाभ मिळतो. तो ७० टक्के असतो, दिवसांची मर्यादा असते आणि वर्गणीची अटही असते.

उलट बाजूही सांगायला हवी. रविवारी लग्नाला जाताना पडलात आणि ‘कंपनीत जात होतो’ असं लिहिलंत, तर हजेरीपट आणि पोलीस पंचनामा समोर ठेवून ते एका दुपारीत उघडं पडतं.

रस्त्यावरच्या अपघातात दुसऱ्याची चूक असेल तर पोलिसांचे कागद आत्ताच गोळा करा. मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज करायला कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. बुडालेला पगार तिथे मागता येतो, म्हणून पगारपत्रकं आणि रजेची नोंद जपून ठेवा.

२. घरी बसलेले दिवस कागदावर बांधून घ्या

परतण्याची तयारी पहिल्या आठवड्यातच सुरू होते. सुपरवायझरला फोन केला म्हणजे कळवलं असं होत नाही. एक छोटा अर्ज फोटोसह व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ई-मेलवर पाठवा, आणि घरातल्या कुणाच्या हाती एक प्रत टाइम ऑफिसला देऊन पोच घ्या. कंत्राटी कामगारांनी ठेकेदार आणि मूळ कंपनी, दोघांनाही कळवावं. रजा संपल्यावर न कळवता गैरहजर राहिलं की कंपनीच्या स्थायी आदेशांनुसार (नोकरीच्या अटींचे लेखी नियम) नोकरीवरचा हक्क धोक्यात येतो. बऱ्याच ठिकाणी ही मुदत आठ-दहा दिवसांचीच असते.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असलेले बहुतेक कामगार ईएसआयमध्ये येतात. त्यांनी या चार गोष्टी बघाव्यात:

- एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला लाभ मिळतो आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरमधला. संबंधित सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ठेकेदाराने पगारातून कापली म्हणजे भरलीच, असं धरून चालू नका. ईएसआयसीच्या पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकावर खात्री करा.
- आजारपणाचा लाभ लागोपाठच्या दोन लाभकाळांत (वरच्या सहा-सहा महिन्यांत) मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. सरासरी रोज ६०० रुपये पडत असेल तर दिवसाला साधारण ४२० रुपये.
- पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. शिल्लक पगारी रजा असेल तर ती इथे वापरा. एकाच दिवसाची पगारी रजा आणि आजारपणाचा लाभ, दोन्ही घेता येत नाहीत.
- ऑपरेशन खासगी इस्पितळात झालं असेल तरी सगळी फाइल लगेच ईएसआय दवाखान्यात दाखवा. बाहेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथे आपोआप चालत नाही, आणि दोन महिन्यांनी जाऊन मागच्या तारखेचा दाखला मागितला तर वादच होतो.

ईएसआयमध्ये नसाल तर रजेचा हिशेब काढा. महाराष्ट्रातल्या दुकानं-आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आहे, आणि पुरेसे दिवस भरलेले असतील तर दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा. त्यापलीकडे कंपनीचा विमा आणि नियमपुस्तिका बघावी लागते.

तपासा: कळवल्याची पोच, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि प्रत्येक दाखल्याचा फोटो एकाच फोल्डरमध्ये आहे का? नसेल तर पुढची पायरी नको.

३. तुमच्या कामाचा कागद तयार करा

हीच पायरी सगळे गाळतात आणि पुढचे निम्मे घोळ इथूनच निघतात. डॉक्टरांना तुमचा पाय कळतो, पण तुमचं काम कळत नाही. ‘मी ऑपरेटर आहे’ एवढं ऐकून त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्चीवर बसून बटणं दाबणारा माणूस येतो. तो माणूस पाळीभर उभा असतो, वाकून क्रेटमधून जॉब काढतो, फिक्श्चरमध्ये बसवतो आणि क्लॅम्पचा दांडा उजव्या हाताने ओढतो, हे त्यांना कोण सांगणार?

अर्धं पान पुरतं, पण त्यावर आकडे हवेत. एका शॉप फ्लोअरवरचा नमुना:

*उभं राहणं: आठ तासांत सुमारे साडेसहा तास, काँक्रीटवर. चालणं: गेट ते लाइन ४०० मीटर, दिवसातून चार फेऱ्या. वजन: १२ किलोचा क्रेट, तासाला सहा-सात वेळा, गुडघ्याच्या उंचीवरून कमरेपर्यंत. हात: क्लॅम्प ओढणं, तासाला साधारण ४० वेळा. जिने: लॉकर आणि कँटीन पहिल्या मजल्यावर. उकिडवं बसणं: पाळीच्या शेवटी साफसफाई करताना. पाळी: दर आठवड्याला बदलते, रात्रपाळी आहे. येणं-जाणं: कंपनीची बस, स्टॉप घरापासून १० मिनिटं.*

वजन माहीत नसेल तर लाइनवरच्या मित्राला क्रेट काट्यावर ठेवून बघायला सांगा. ‘जड असतं’ असं लिहिलेला कागद कुणाच्याच उपयोगाचा नाही.

खाली आणखी एक यादी जोडा, खात्यातल्या कुठल्या कामांना तुम्ही आजही बसू शकता याची: तपासणीचं टेबल, पॅकिंगचं लेबलिंग, टूल क्रिबची (अवजारांच्या खोलीची) नोंद, नवीन मुलांना शिकवणं. ही यादी तुम्ही दिली नाही तर ‘आमच्याकडे हलकं काम नाही’ हे उत्तर ठरलेलं आहे. सुपरवायझरला लाइन चालवायची असते. तुमच्यासाठी काम शोधत बसायला त्याला वेळ नसतो.

४. डॉक्टरांकडून ‘हलकं काम’ नको, मर्यादा घ्या

कामाचा कागद घेऊन ऑर्थोपेडिककडे जा. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. त्यांतलं पहिलं मिनिट त्या कागदाला द्या आणि सरळ विचारा, “यातलं काय करू, काय नको, आणि कधीपर्यंत?”

चिठ्ठीत पाच गोष्टी आल्या पाहिजेत: काय करता येईल, काय करायचं नाही (किलो, मिनिटं, उंची यांत), कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, आणि फेरतपासणी कधी. नडगीत रॉड घातलेल्या माणसाची चिठ्ठी अशी असू शकते:

*‘दि. ३ ते ३० या काळात पुढील मर्यादांसह काम करू शकतात. सलग ३० मिनिटांहून अधिक उभं राहणं नको, त्यानंतर १० मिनिटं बसणं आवश्यक. ५ किलोहून अधिक वजन उचलून चालणं नको. शिडी, मचाण व उकिडवं बसणं टाळावं. रात्रपाळी व ओव्हरटाइम नको. बसून करण्याच्या कामाला हरकत नाही. फेरतपासणी दि. २९.’*

यातले आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. पण शेवटची तारीख सोडू नका. तारीख नसलेली मर्यादा कंपनीला कायमची वाटते, आणि कायमच्या मर्यादेला कुणी पटकन हो म्हणत नाही.

औषधांचंही विचारून घ्या. ट्रॅमाडोल, प्रिगॅबालिनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी गुंगी येते. प्रेस, लेथ, फोर्कलिफ्टवर ते जिवावर बेतू शकतं. गोळी सुरू असताना मशीन चालवायचं का, गाडी चालवायची का, हे चिठ्ठीतच लिहून घ्या. “गोळी रात्रीचीच आहे” म्हणून गप्प बसू नका, काहींचा अंमल सकाळपर्यंत उतरत नाही.

सावधान, फायनल दाखल्याची घाई नको. ईएसआयच्या दाखल्यात ‘अर्धा फिट’ असा प्रकार नाही. तुम्ही कामास असमर्थ तरी असता, नाहीतर अमुक तारखेपासून कामास योग्य. ‘कामास योग्य’ असा फायनल दाखला मिळाला की त्या तारखेपासून लाभ थांबतो. कंपनीने अजून हो म्हटलेलं नसेल तर तुम्ही अधांतरी राहता, तिकडून पैसे बंद आणि इकडे हजेरी नाही. म्हणून कंपनीचं उत्तर हाती आल्यावरच दवाखान्यात फिटनेसचा विषय काढा. हलकं काम मिळणार नसेल तर डॉक्टरांपुढे एकच प्रश्न उरतो, ‘माझं नेहमीचं काम मला आज झेपेल का?’ तो कामाचा कागद समोर ठेवून विचारा. डॉक्टर प्रामाणिकपणे हो म्हणाले तर विषय संपला, नाही म्हणाले तर पुढचा दाखला मिळतो.

खासगी अपघात विमा असेल तर त्यातली ‘तात्पुरतं पूर्ण अपंगत्व’ ही साप्ताहिक रक्कमही सहसा कामावर रुजू होईपर्यंतच मिळते. दवाखान्याचा दाखला, कंपनीची हजेरी आणि विम्याचा अर्ज या तिन्हींवर रुजू होण्याची तारीख एकच हवी. एका कागदावर १ आणि दुसऱ्यावर ५ तारीख पडली की दावा अडकतो.

५. कंपनीशी बोला, पण कागद आधी पाठवून

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. खासगी नोकरीत, बाहेर झालेल्या तात्पुरत्या दुखापतीनंतर हलकं काम मिळणं हा बहुतेक ठिकाणी हक्क नसतो. ते युनियनच्या करारातून, स्थायी आदेशांतून किंवा कंपनीच्या रिवाजातून मिळतं. म्हणून सूर मागणीचा नको, योजनेचा असावा. एचआरची भीतीही समजून घ्या. तुमचा कच्चा पाय लाइनवर पुन्हा मुरगळला, तर ती कामातली दुखापत ठरू शकते आणि जबाब कंपनीला द्यावा लागतो. त्यांना हवी असते खात्री. ती तुमच्या मर्यादांच्या चिठ्ठीतून मिळते.

रुजू होण्याच्या सात-आठ दिवस आधी असं पत्र द्या:

*‘माझ्या डाव्या पायाला दि. … रोजी सुट्टीच्या दिवशी दुखापत झाली. डॉक्टरांनी सोबत जोडलेल्या मर्यादांसह दि. ३ पासून काम करण्यास हरकत नसल्याचे लिहिले आहे. मर्यादा दि. ३० पर्यंत आहेत. या काळात मी पुढीलपैकी कोणतेही काम करू शकतो: … कंपनीच्या डॉक्टरांकडून तपासणी हवी असल्यास मी तयार आहे. कृपया काम, पाळी व पगार याबाबत लेखी कळवावे.’*

शेवटच्या ओळीतला ‘पगार’ मुद्दाम घातला आहे. हलक्या कामावर असताना उत्पादन बोनस आणि इन्सेंटिव्ह मिळतात का, रात्रपाळी भत्ता जातो का, हे आधी विचारलं तर चर्चा होते. महिनाअखेरीला विचारलं तर भांडण होतं.

मोठ्या कारखान्यात कंपनीचे स्वतःचे डॉक्टर असतात. तुमच्या ऑर्थोपेडिकने काहीही लिहिलं तरी लाइनवर सोडायचं की नाही, हे तिथे ठरतं. त्यांच्याकडे जाताना एक्स-रे न्या, नुसती चिठ्ठी नको.

६. घरी रंगीत तालीम करा

रुजू होण्याच्या तीन-चार दिवस आधी पूर्ण दिवस कामाच्या वेळेप्रमाणे काढून बघा. पहाटे त्याच वेळी उठा, स्टॉपपर्यंत चाला आणि ठरलेली मिनिटं उभे राहा.

आणि सेफ्टी शूज घालून बघा, तेही संध्याकाळी. मोडलेल्या पायाला सकाळी सूज कमी असते आणि दिवसभरात ती वाढत जाते. सकाळी छान बसलेला बूट दुपारी तीनला घोट्यावर करकचतो, बुटाच्या टोकाची पोलादी टोपी अंगठ्याला लागते, आणि माणूस लाइनवरच नाडी सोडून बसतो. सेफ्टी ऑफिसरने ते पाहिलं की त्याच दिवशी घरी. बूट होत नसेल तर एक माप मोठा जोड आधीच मागून घ्या. चपलेवर शॉप फ्लोअरवर जायची परवानगी कुणी देणार नाही, देऊही नये.

हाताची दुखापत असेल तर मोटरसायकलचा क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबून दहा-पंधरा वेळा सोडून बघा, स्टँडवर, इंजिन बंद ठेवून. मनगट थरथरलं तर काही आठवडे बसनेच या. बसची पायरी उंच असते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

तपासा: तालमीनंतरच्या सकाळी दुखणं आणि सूज आदल्या सकाळइतकीच आहे का? वाढली असेल तर तारीख पुढे ढकला आणि ते आजच कळवा.

७. पहिले दोन आठवडे

पहिल्या दिवशी मर्यादांच्या चिठ्ठीच्या तीन प्रती न्या: टाइम ऑफिस, सुपरवायझर आणि स्वतःचा खिसा. एचआरने मंजूर केलेलं दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरपर्यंत पोचलेलं नसतं. “अरे, जरा हा क्रेट सरकव ना” हे वाक्य पहिल्या तासाभरातच येतं. तेव्हा खिशातली प्रत काढून दाखवायची आणि शांतपणे म्हणायचं, “साहेब, तीस तारखेपर्यंत पाच किलोच.”

मर्यादा बहुतेक वेळा कामगार स्वतःच मोडतो. मित्र टोमणे मारतात, ‘बसून पगार घेतो’ म्हणतात, आणि चौथ्या दिवशी हा क्रेट उचलतो. त्यानंतर पाय सुजला तर नुकसान दुहेरी असतं. तब्येत बिघडते, आणि उचलताना कुणी पाहिलेलं असलं की मर्यादांवर पुन्हा कुणाचा विश्वास बसत नाही.

रोज संध्याकाळी मोबाइलमध्ये दोन ओळी लिहा: काय काम केलं, किती वेळ उभा होतो, सूज कशी होती. फेरतपासणीला डॉक्टरांना हेच हवं असतं.

दुखणं वाढलं तर दडवू नका, पण मधूनच निघूनही जाऊ नका. प्रथमोपचार खोलीत नोंद करा, सुपरवायझरला सांगा, मग दवाखाना गाठा. आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा दाखला घ्यावा लागला, तर ईएसआयमध्ये ते दोन बिनपैशांचे दिवस परत लागत नाहीत.

सावधान: ज्या दिवशी काम केलंत त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ मागू नका. ‘अर्धा दिवस तर गेलो होतो’ हे कारण चालत नाही. कंपनीकडून गैरहजेरीची पडताळणी होते आणि दिलेले पैसे वसूल केले जातात.

८. कंपनी नाही म्हणाली तर

आधी नकार लेखी मागा. मिळाला नाही तर तुम्हीच ई-मेल करा: ‘आज दि. … रोजी भेटीत आपण मर्यादांसह काम उपलब्ध नसल्याचे सांगितले.’ हा मेल दवाखान्यात, विमा कंपनीकडे आणि उद्या ‘हा न सांगता गैरहजर होता’ असा आरोप आला तर तिथेही उपयोगी पडतो.

मग मधला मार्ग सुचवा: दोन आठवडे फक्त दिवसपाळी, दुसरं खातं, किंवा रजा वाढवून मर्यादा निम्म्या झाल्यावर रुजू. युनियन असेल तर प्रतिनिधीला या टप्प्यावर घ्या, पहिल्याच दिवशी नको. राजीनामा लिहून देऊ नका. ‘बरे झालात की परत घेऊ’ या तोंडी आश्वासनावर तर मुळीच नको.

९१ दिवस संपत आले आणि हाड जुळलेलं नसेल, तर दवाखान्यात विस्तारित आजार लाभाबद्दल विचारा. हाड न जुळणं किंवा फार उशिरा जुळणं त्याच्या यादीत आहे. त्याचा दर ८० टक्के असतो, पण नोकरीच्या आणि वर्गणीच्या अटी कडक आहेत.

दुखापतीतून कायमचं अपंगत्व राहिलं तर प्रकरण वेगळं होतं. सरकारी खाती, महापालिका, एसटी महामंडळासारख्या आस्थापनांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. तिथे जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय एकही अर्ज करू नका.

९. मर्यादा उठवून घ्या, तीही कागदावर

तीस तारीख उलटली म्हणून एकतीसला १२ किलोचा क्रेट उचलायचा नसतो. फेरतपासणी आधी करा. चिठ्ठी तीनपैकी एका प्रकारची येईल: मर्यादा संपल्या, मर्यादा कमी केल्या (आता दहा किलो, तासभर उभं), किंवा आहेत त्याच वाढवल्या. वाढवल्या असतील तर जुनी मुदत संपण्याआधी एचआरला कळवा. मध्ये एक दिवसही बिनचिठ्ठीचा जाऊ देऊ नका.

मर्यादा संपल्याची चिठ्ठी आली तरी पहिला आठवडा ओव्हरटाइमला नाही म्हणा. रात्रपाळी सर्वांत शेवटी घ्या. आणि ती चिठ्ठी टाइम ऑफिसला देऊन रजिस्टरमधली ‘हलके काम’ ही नोंद समोर उभं राहून काढून घ्या. ती तशीच राहिली की पुढच्या बढतीच्या किंवा कायम होण्याच्या यादीच्या वेळी कुणीतरी ते पान उघडतं.